पडदा आवरणे

वस्तूंची पारख करण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. दिवा विकत घेतला की तो लागतो कसा हे आपण पाहतो, पंखा घेतला की तो फिरतो कसा हे पाहतो, आणि नवी मोटार घेणारा गृहस्थ तर ती किती सेकंदांत वेग घेते हे पाहुण्यांस न विचारता सांगतो. परंतु ती वस्तू थांबते कशी, मिटते कशी, आपले काम संपल्यावर आपल्या जागी परत कशी जाते, याची चौकशी दुकानात उभे राहून करणारा मनुष्य आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे. आमचे स्वतःचे मत असे आहे की, वस्तूचा निम्मा गुण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतो. हे मत आम्ही कोणा तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथातून घेतलेले नाही. ते एका अगदी साध्या वस्तूच्या सहवासाने बनले आहे. वर्गात फळ्याच्या वर टांगलेला, हाताने खाली ओढावयाचा व हातानेच वर सोडावयाचा, चित्रे दाखविण्याचा पांढरा पडदा ही ती वस्तू होय.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, जिच्याकडे साठ मुले एकाच वेळी टक लावून पाहतात ती वस्तू क्षुल्लक म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा. शिक्षकाच्या मुखाकडेसुद्धा साठ मुले एकाच वेळी पाहत नाहीत, हे तीस वर्षांच्या अनुभवाने आम्ही खात्रीपूर्वक सांगू शकतो.

हा पडदा म्हणजे एका लांबट पेटीत, आतल्या नळीवर गुंडाळलेले जाड कापड असते. त्याची पुढची बाजू पांढरी व चकाकी नसलेली असते, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या मुलालाही मध्यभागी बसलेल्या मुलाइतकेच स्पष्ट दिसावे. पाठीमागची बाजू बहुधा काळी असते, म्हणजे मागून येणाऱ्या उजेडाने चित्र फिके पडू नये. चारी बाजूंस काळी किनार असते आणि खालच्या काठात एक जड दांडी बसविलेली असते. या दांडीच्या भाराने कापडास ताण राहतो व सुरकुत्या पडत नाहीत. पडदा केवढा असावा याविषयी जुन्या जाणत्यांचा एक नियम आहे: पडद्याच्या रुंदीच्या दुपटीहून जवळ कोणी बसू नये आणि सहापटीहून दूर कोणी बसू नये. म्हणजे ६ फूट रुंदीच्या पडद्यास १२ फुटांपासून ३६ फुटांपर्यंतची बैठक चांगली. आमच्याकडील बहुतेक वर्ग या मापात सहज बसतात. एवढे सांगितले म्हणजे पडद्याचे दर्शनी वर्णन संपले. विक्रेता जे सांगतो तेही येथेच संपते.

मराठी भाषा मात्र येथे थांबत नाही. आपल्या भाषेत ‘आवरणे’ म्हणून एक क्रियापद आहे. पसारा आवरावा, स्वयंपाकघर आवरावे, दुकान आवरावे, म्हणजे पसरलेले पुन्हा जागच्या जागी न्यावे. आणि घोडा आवरावा, राग आवरावा, हात आवरावा, म्हणजे धावू पाहणाऱ्यास ताब्यात ठेवावे. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. आम्हांस मात्र त्यात आपल्या आज्यापणज्यांचे एक शहाणपण दिसते. त्यांच्या लेखी वस्तू परत ठेवणे आणि तिला धाक घालून, सांभाळून परत ठेवणे, ही दोन वेगळी कामे नव्हती. भांडे फळीवर आपटून ठेवणारी सून आवरीत नसे, ती आदळआपट करीत असे. पडदा ‘आवरणे’ म्हटले की त्यात दोन्ही अर्थ आले पाहिजेत.

महाराष्ट्रात पडद्याचा हा धर्म फार जुना आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या नाटक मंडळ्यांच्या वैभवाच्या काळात राजवाड्याचे, अरण्याचे, रस्त्याचे रंगविलेले पडदे लांब दांड्यांवर गुंडाळले जात, आणि दोरखंड व कप्प्या यांच्या साहाय्याने वरखाली होत. तो दोर विंगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असे. पडदा किती वेगाने पडावयाचा, दुःखाच्या प्रसंगी कसा आणि प्रहसनानंतर कसा, हे त्याच्या मनगटास ठाऊक असे. प्रेक्षकांस तो कधी दिसला नाही, जाहिरातीत त्याचे नाव कधी आले नाही. परंतु त्याने हात सैल सोडला असता तर नायिकेचा शोक आणि प्रेक्षकांचा गहिवर दोन्ही त्या दांड्याच्या धडाक्यासरशी विरून गेले असते.

पुढे उजेडाची चित्रे आली. आमच्या कर्जतहून मुंबईकडे जाताना वाटेत कल्याण लागते. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखविली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर. घाटमाथ्यावर लोणावळ्यास काही काळ छापखाना चालविणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला. मग तंबूतले सिनेमे यात्रांतून फिरू लागले. या सर्व खेळांत पडदा म्हणजे ताणून बांधलेले पांढरे कापड. खेळ आटोपला की दोन माणसांनी चार टोके धरावयाची, एकमेकांकडे चालत यावयाचे, आणि धोतराची घडी घालावी तशी त्याची घडी घालावयाची. येथेही आवरणारा हात माणसाचाच होता.

ज्या यंत्राने हा हात अनावश्यक केला, ते यंत्र निघाले होते मात्र खिडकीसाठी. १८६४ साली स्ट्युअर्ट हार्टशॉर्न नावाच्या अमेरिकन गृहस्थाने स्प्रिंगच्या गुंडाळीचे पेटंट घेतले. त्या धंद्यात त्यास एवढी प्राप्ती झाली की, पुढे न्यू जर्सीत त्याने शॉर्ट हिल्स नावाचे एक टुमदार गावच वसविले. त्याची युक्ती अशी: नळीच्या पोटात एक लांब स्प्रिंग असते. कापड खाली ओढावे तसतसा तिला पीळ बसत जातो. नळीच्या टोकास दातेरी चक्र व त्यावर पडणारा एक लहानसा खटका असतो. नळी सावकाश फिरत असता हात थांबला की खटका आपल्या वजनाने दात्यात पडतो आणि पडदा अडतो. पडदा जरासा खाली ओढून सोडला की खटका निसटतो, नळी वेगाने उलट फिरू लागते, आणि त्या वेगामुळेच खटका बाहेर फेकला राहून दात्यात पडत नाही. ओढणाऱ्याच्या श्रमाची ठेव स्प्रिंगमध्ये जमा होते व ती परतीच्या वेळी खर्च होते. याहून साधे आणि सुंदर यंत्र आमच्या माहितीत थोडे आहे.

परंतु या यंत्रात एक उणीव उपजत आहे. ठेव जमा करण्यास लागलेला वेळ आणि ती खर्च होण्यास लागणारा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपण पडदा पाच सेकंदांत ओढतो, तो मात्र एका सेकंदात परत जाऊ पाहतो. वर जाताना लोंबणारे कापड कमी होत जाते, म्हणून स्प्रिंगला पेलावयाचे ओझेही हलके होत जाते, आणि दांडीचा वेग वाढतो. शेवटी ती जड दांडी पेटीवर आदळते. विहिरीच्या रहाटावरून भरली घागर ज्याने एकदा हातातून निसटू दिली आहे, त्यास हा प्रकार समजावून सांगण्याचे कारण नाही. त्या वेळी रहाटाच्या दांड्यापासून आपण जसे मागे सरतो, तसेच या पडद्यापासूनही सरतो.

यावर उपाय आहे, आणि तोही नवा नाही. काही पडद्यांच्या नळीत स्प्रिंगबरोबर एक लगाम बसविलेला असतो. बहुधा ती एक बंद डबी असते, तिच्यात काकवीसारखा दाट द्रव असतो, आणि नळी फिरताना त्या द्रवातून एक चाक फिरवावे लागते. दाट द्रवाचा स्वभाव मोठा न्यायी आहे. त्यातून सावकाश जाणाऱ्यास तो फारसा अडवीत नाही. घाई करणाऱ्यास मात्र घाईच्या मानाने अडवितो. काकवीत चमचा हळू फिरविला तर फिरतो, जोराने फिरवू म्हटले तर मनगट दुखते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. बँकेचे वा कचेरीचे दार आपल्यामागे न आपटता हलकेच मिटते, तेथेही तेलाची अशीच करामत असते. हा लगाम असला म्हणजे पडदा सोडल्यावर एखाद्या शहाण्या माणसाप्रमाणे, ना धावत ना रेंगाळत, वर जातो, आणि पेटीत शिरताना फार तर एक ‘टक्’ एवढा आवाज करतो. त्यास वीज लागत नाही, तारा लागत नाहीत, मोटार लागत नाही.

आता कोणी विचारील की, हा सारा पदार्थविज्ञानाचा पाठ कर्जत-खालापूरकरांस कशासाठी? त्याचे कारण असे की, हा प्रांतच आवरण्याच्या विद्येवर उभा आहे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. परंतु जिल्ह्याच्या नावाने काय फरक पडणार? आमच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत तीच आहे, आणि त्या भिंतीवरून जे जे खाली येते ते सांभाळून उतरवून घेणे हेच या दोन तालुक्यांचे दीडशे वर्षांचे काम आहे.

बोरघाटाचा लोहमार्ग पाहा. १८५६ साली काम सुरू झाले व १८६३ साली गाडी धावली. मुख्य एंजिनिअर जेम्स बर्कले हा त्यापूर्वीच, १८६२ साली वारला. चाळीस हजारांहून अधिक मजूर एका वेळी या कामावर राबत होते आणि कॉलऱ्याने व इतर रोगांनी त्यांतले किती गेले, हे या डोंगरासच ठाऊक. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ. सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची. चढावयाचे कसे, याचे कौतुक सगळे करतात. लांब पल्ल्याची गाडी कर्जतेस थांबते, मागे जादा इंजिने जोडली जातात, तेवढ्यात उतारू खाली उतरून बटाटेवडा घेतात, आणि हा चढण्याचा सोहळा सर्वांच्या ओळखीचा होतो. परंतु त्या मार्गाच्या रचनेतील खरी बुद्धी उतरण्यात आहे. उतरत्या गाडीसाठी ठरावीक ठिकाणी बाजूस एक फाटा काढलेला असतो, तो एकदम चढावर जातो. रूळ आधीपासून त्या फाट्याकडेच वळविलेले असतात. गाडीने तेथे येऊन पूर्ण थांबावयाचे, आपण आपल्या ताब्यात आहोत हे सिद्ध करावयाचे, आणि मगच मुख्य मार्ग तिच्यासाठी खुला व्हावयाचा. जी थांबू शकली नाही ती चढाच्या फाट्यावर जाऊन आपला वेग जिरवील. पुढे १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली, तेव्हा उतारावर इंजिनाच्या मोटारींकडूनच वीज उत्पन्न करवून गाडीचा वेग आवरण्याची सोयही त्यांत होती.

नेरळहून माथेरानला जाणारी लहान गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या डब्यांवर कित्येक वर्षे हातब्रेक फिरविणारी माणसे बसत, आणि उतारावर सगळा भरवसा त्यांच्या मनगटावर असे. खोपोलीस १९१५ साली टाटांचे वीजघर चालू झाले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली नळांतून येते व चक्रे फिरविते. अशा चक्रांवरचा पाण्याचा झोत विजेची मागणी घटली म्हणून एकदम बंद करता येत नाही. एकदम बंद केला तर नळातील पाण्याचा धक्का नळच फोडील. म्हणून झोत आधी बाजूस वळवितात आणि तोंड मागाहून सावकाश मिटवितात. ज्यांनी हे घडविले त्यांनी पैशाचा, श्रमाचा व बुद्धीचा मोठा वाटा चालविण्यावर नव्हे, तर थांबविण्यावर खर्च केला. तो खर्च वाचविण्याची सूचना कोणी केली असती, तर त्यास घाटाच्या आसपास फिरकू दिले नसते.

याच घाटाची जुनी छायाचित्रे आम्ही गेल्या वर्षी या भागातील दोन शाळांतून मुलांस दाखविली. चित्रे तीच, बोलणे तेच, मुलांचे वयही साधारण तेच. फरक एवढाच की, पहिल्या शाळेतील पडद्यास लगाम नव्हता आणि दुसऱ्या शाळेतील पडद्यास होता.

पहिली शाळा खालापूर तालुक्यातील. चित्रे संपली तेव्हा शाळेचे शिपाई पडदा आवरण्यास पुढे आले. मुले त्यांस मामा म्हणतात. मामांनी दांडीस हात घातला, तोच आमच्या ध्यानात एक गोष्ट आली: पहिल्या बाकावरील तिन्ही मुलींनी कानांवर हात ठेवले होते. पडदा अजून सुटला नव्हता. परंतु पुढे काय होणार हे त्यांस पाठ होते. मामांनी दांडी थोडी वर नेली, हाताची उंची संपली, दांडी सुटली आणि पेटीवर असा काही आघात झाला की, मागच्या बाकांवर हशा पिकला. मामा अंगठा चोळीत बाजूस झाले. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “काही नाही सर, नखाला जरा चाटून गेली. ह्याची आता सवय झालीय.” मुले हसत, एकमेकांस त्या आवाजाची नक्कल करून दाखवीत बाहेर पडली. बोगदे, पूल, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, सारे त्या एका आवाजाने पुसून टाकले होते.

दुसरी शाळा कर्जत तालुक्यातील, डोंगराच्या पायथ्याशी. तेथे पडदा आवरण्याचे काम पाचवीतील एका मुलीकडे होते आणि तिला त्याचा अभिमान दिसला. तिने टाचा उंच करून दांडी जराशी खाली ओढली व सोडून दिली. पडदा वर जाऊ लागला. तो सावकाश जात होता म्हणून मुलेही त्याच्याकडे पाहत राहिली. कोणी बोलले नाही. पडद्यामागून हळूहळू फळा दिसू लागला, त्यावर सकाळच्या तासाची बेरीज तशीच होती. सात-आठ सेकंद गेले असतील. पेटीत दांडी बसल्याचा बारीक आवाज झाला, आणि खिडकीपाशी बसलेला एक मुलगा म्हणाला, “सर, एवढी माणसं रात्री झोपायची कुठं?”

तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस यापेक्षा चांगले प्रश्न फार थोडे विचारले गेले आहेत. त्यानंतर अर्धा तास आम्ही मजुरांच्या झोपड्यांविषयी, पावसाळ्याविषयी, पटकीविषयी बोललो. त्या मुलापैकी कित्येकांचे आजेपणजे याच डोंगरांतले. तेव्हा विषय परका राहिला नाही. आता हा प्रश्न पडद्याच्या लगामामुळे सुचला असे आम्ही म्हणत नाही. मूल हुशार होते. परंतु प्रश्न सुचण्यास जी काही सेकंदांची शांतता लागते, ती त्या लगामाने त्यास दिली, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. हुशार मुले खालापूरच्या त्या शाळेतही होती. त्यांस ती सेकंदे मिळाली नाहीत.

मग पहिल्या शाळेने लगामाचा पडदा का घेतला नाही? येथे शाळेस दोष देण्यात अर्थ नाही. खरेदीचे कागद कसे असतात हे आम्ही आमच्या आयुष्यात पुष्कळ पाहिले आहे. त्यांत लांबी, रुंदी, कापडाचा प्रकार, पेटीचा रंग आणि किंमत यांसाठी रकाने असतात. परत कसा जातो, यासाठी रकाना नसतो. ज्या गुणास रकाना नाही तो गुण स्वस्त माल करणारा प्रथम काढून टाकतो. कारण तो काढल्याने वस्तू दिसण्यात काही फरक पडत नाही, आणि दरपत्रकात मात्र ती खालच्या क्रमांकावर येते. दोन पडदे शेजारी उघडून ठेवले तर दोन्ही सारखेच पांढरे. फरक मिटताना कळतो, आणि मिटविण्याच्या वेळी खरेदी करणारा तेथे नसतो. तेथे मामा असतात.

आमची खरी तक्रार ही आहे. शहरातील श्रीमंत शाळांस मिळते ती वस्तू आमच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांसही मिळते असे वरून दिसते. पडदा तेथेही आहे, येथेही आहे. अहवालात दोन्हीकडे ‘पडदा : १’ एवढीच नोंद होते. परंतु येथे येणाऱ्या वस्तूतून तिचा संयम काढून घेतलेला असतो. लगाम नसलेला पडदा, धरावयाचा कठडा नसलेला जिना, मिटताना बोट चिमटणारी घडीची खुर्ची, ही सगळी एकाच घराण्यातील भावंडे आहेत. काम करावयाच्या वेळी ती वस्तू आपले काम करते. इजा होते ती आवरणाऱ्यास, आणि आवरणारा बहुधा संस्थेतील सर्वांत लहान किंवा सर्वांत कमी पगाराचा मनुष्य असतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, दांडी शेवटपर्यंत हाताने सोबत करीत वर न्यावी म्हणजे आदळत नाही. हा उपदेश बरोबर आहे आणि उंच माणसाने तो अवश्य पाळावा. परंतु पेटी फळ्याच्याही वर असते, आणि मामांची उंची अथवा पाचवीतील मुलीची उंची उपदेशाने वाढत नाही. मामांनी यावर स्वतःच एक तोड काढली. आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो तेव्हा दांडीच्या मध्यभागी सुताची एक लांब दोरी बांधलेली दिसली. ती दोरी हातातून थोडी थोडी सोडीत मामांनी पडदा अगदी सावकाश वर नेला. नाटक मंडळीच्या विंगेतील तो दोर धरणारा माणूस जणू पुन्हा जागेवर येऊन उभा राहिला होता. यंत्राने जे काम सोडून दिले ते माणसाने उचलले. आम्हांस मामांचे कौतुक वाटले. परंतु यंत्र विकणाऱ्याचे काम मामांनी फुकट का करावे, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता बोटाने चालणारे मोठे विजेचे फलक वर्गावर्गांत येत आहेत, शिवाय बटण दाबले की मोटारीने वरखाली होणारे पडदेही मिळतात. तेव्हा हाताच्या पडद्याची चिंता कशास? ज्यांस ते फलक परवडतात त्यांनी ते जरूर घ्यावेत. परंतु आमच्याकडे पावसाळ्यात विजेचा भरवसा किती, हे येथे राहणाऱ्यास विचारावे. मोटारीचा पडदा अर्ध्यावर असता वीज गेली म्हणजे अर्धा फळा त्याच्यामागे अडकून पडतो आणि पुढचा गणिताचा तास उरलेल्या अर्ध्या फळ्यावर घ्यावा लागतो. फलकाची गोष्ट आणखी निराळी. तो जागचा हलत नाही. पडद्याचा मोठा गुण आम्हांस असा वाटतो की, तो आपले काम झाल्यावर निघून जातो व फळा परत देतो. चित्र पाहून झाले, आता खडू हाती घ्या, असे तो न बोलता सांगतो. दाखविणे आणि विचार करणे ही दोन कामे आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाण्यास एक उंबरठा हवा. सावकाश वर जाणारा पडदा हा त्या उंबरठ्याचे काम करतो.

शेवट कसा करावा हे आम्ही मुलांस निबंधात शिकवितो: एकदम तोडू नये, लांबवू नये, वाचकास अलगद खाली उतरवावे. गवई ताना घेऊन कितीही दूर गेला तरी समेवर येतो तो आदळून येत नाही. कीर्तनकार आख्यान संपवून मंडळींस घरच्या वाटेला लावतो तेही हळुवारपणे. ज्या विद्येस आपल्या सर्व कलांनी इतके मानले, ती विद्या एका डबीभर दाट तेलात बसविता येते व थोड्या जादा पैशांत मिळते. तेव्हा ती खेड्यातील शाळेस नाकारण्याइतके आपण काटकसरी होऊ नये.

म्हणून शाळेच्या समितीवर, ग्रामपंचायतीत अथवा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात जे आमचे वाचक असतील, त्यांस एक व्यवहाराची सूचना करून आम्ही लेखणी ठेवतो. पडदा घेण्याचा प्रसंग आला तर मागणीच्या कागदावर लांबी-रुंदीखाली आणखी एक ओळ हाताने लिहावी: ‘सोडल्यावर सावकाश व न आदळता परत जाणारा’. दुकानात गेल्यावर विक्रेत्यास पडदा उघडून दाखवू द्यावा. मग त्यास म्हणावे की, आता तो मिटवून दाखवा. आणि शक्य असेल तर दुकानात जाताना शाळेच्या मामांस बरोबर न्यावे व पडदा त्यांच्या हाताने सोडून पाहावा.